पडदा किती रुंद, त्याआधी चित्र किती दूर

विमानाच्या सिम्युलेटरमध्ये दोन वैमानिक शेजारी शेजारी बसतात. दोघांच्या डोळ्यांमध्ये साधारण एक मीटरचं अंतर असतं. समोर ३ मीटरवर साधा वक्र पडदा लावून त्यावर धावपट्टी दाखवली, तर डावीकडच्याला ती नाकासमोर दिसत असताना उजवीकडच्याला ती सुमारे १८ अंश डावीकडे सरकलेली दिसते. खऱ्या विमानात धावपट्टी काही किलोमीटर दूर असते, त्यामुळे ती दोघांनाही एकाच दिशेला दिसते. पडदा ६ मीटरवर नेला की चूक साडेनऊ अंशांवर येते, पण जात नाही. अशा चित्रावर उतरण्याचा सराव केलेला वैमानिक चुकीची सवय अंगी लावून घेतो.

पॅनोरमिक, म्हणजे नजरेच्या चौफेर पसरलेल्या, डिस्प्लेचा विषय निघाला की लोक आधी रुंदी विचारतात. किती अंश, किती प्रोजेक्टर? माझ्या मते आधी विचारावं ते हे, की चित्र डोळ्याला किती दूर वाटतं आणि ते तसं वाटायला लावताना प्रकाश किती खर्च होतो. या क्षेत्रातले बहुतेक मोठे शोध म्हणजे या दोन गोष्टींमधला सौदा आहे.

रुंदीचा प्रश्न त्या मानाने लवकर सुटला. रॉबर्ट बार्करने गोल इमारतीच्या आतल्या भिंतीवर चौफेर चित्र दाखवण्याचं पेटंट १७८७ मध्येच घेतलं होतं. १९३९ च्या न्यूयॉर्क जागतिक मेळ्याच्या निमित्ताने फ्रेड वॉलरने ११ प्रोजेक्टरांची रचना उभी केली आणि दुसऱ्या महायुद्धात तीच कल्पना ५ प्रोजेक्टरांवर आणून विमानातल्या गनरांसाठी सराव यंत्र बनवलं. गोलाच्या आतल्या भागासारख्या पडद्यावर शत्रूची विमानं सगळीकडून येत आणि गनर नकली बंदुकीने नेम धरत असे. शत्रू आधी नजरेच्या कडेला जाणवतो, मग मान वळते. हा सराव सपाट, अरुंद पडद्यावर होऊच शकत नाही, आणि वॉलरचं खरं योगदान हे ओळखण्यात होतं. युद्धानंतर हीच रचना ३ प्रोजेक्टरांवर आली आणि ३० सप्टेंबर १९५२ रोजी न्यूयॉर्कमध्ये सिनेरामा म्हणून लोकांसमोर आली. त्यातलं चित्र १४६ अंश रुंद आणि ५५ अंश उंच होतं.

सिनेरामाचा पडदा एकसंध नव्हता. तो ११०० हून अधिक उभ्या पट्ट्यांचा होता आणि प्रत्येक पट्टी प्रेक्षकांकडे थोडी वळवलेली होती. खोल वक्र पडद्याची डावी बाजू आपला प्रकाश उजव्या बाजूवर टाकते आणि तिथला काळा रंग राखाडी होतो. पट्ट्या तिरक्या ठेवल्या की तो आडवा प्रकाश पट्टीच्या मागच्या बाजूला अडतो. तीन चित्रांचे सांधे लपवण्यासाठी प्रोजेक्टरच्या गेटमध्ये फण्यासारखे दाते असलेले धातूचे तुकडे वेगाने वरखाली हलत असत, म्हणजे चित्राची कड धूसर होऊन शेजारच्या चित्रात मिसळे. आडवा प्रकाश आणि सांधे या दोन्ही अडचणी आजच्या सिम्युलेटरांमध्येही आहेत.

जाता जाता सांगण्यासारखी आणखी एक युक्ती म्हणजे डिस्नेलँडमधलं १९५५ चं सर्कारामा हे चौफेर चित्रपटगृह. पूर्ण वर्तुळात ११ पडदे होते, पुढच्या आवृत्तीत ९ झाले. दोन्ही संख्या विषम आहेत, कारण विषम संख्येत प्रत्येक पडद्याच्या बरोबर समोर दोन पडद्यांमधली फट येते आणि प्रोजेक्टर त्या फटीत बसवता येतो. सम संख्या घेतली तर पडद्यासमोर पडदाच येतो.

आता मूळ प्रश्नाकडे, म्हणजे चित्र दूर नेण्याकडे वळू. अंतर्वक्र आरशाचं नाभीय अंतर त्याच्या वक्रता त्रिज्येच्या निम्मं असतं. बरोबर तेवढ्या अंतरावर चित्र ठेवलं की आरशातून परतणारे किरण समांतर होतात आणि डोळ्याला ते चित्र अनंत अंतरावर असल्यासारखं वाटतं. अडचण अशी की चित्र आणि डोळा दोन्ही आरशाच्या एकाच बाजूला येतात, आणि स्क्रीनचं खोकं मध्ये आलं की नजर अडते.

यावरचा जुना उपाय म्हणजे ४५ अंशांत तिरकी ठेवलेली अर्धपारदर्शक काच. स्क्रीन वर छताला असते. तिचा प्रकाश काचेवरून परावर्तित होऊन पुढच्या आरशाकडे जातो आणि तिथून परत येताना काचेतून आरपार डोळ्याकडे येतो. पहिल्या वेळी निम्मा, दुसऱ्या वेळी पुन्हा निम्मा, म्हणजे उत्तम परिस्थितीतही २५ टक्केच प्रकाश हाती लागतो. काच आणि आरशाची अशी एक ‘खिडकी’ साधारण ४८ अंश रुंद आणि ३६ अंश उंच असते आणि ती एकाच आसनासाठी चालते. शेजारच्या वैमानिकाने तिच्यात डोकावलं तर त्याला काळोख दिसतो. दोघांसाठी दोन खिडक्या लावल्या की मधल्या फटी लपत नाहीत.

न्यूयॉर्कच्या फॅरॅंड ऑप्टिकल कंपनीच्या जोसेफ ला रूसाने तिरकी काचच काढून टाकली. त्याचं पेटंट १९६९ चं आहे आणि ही रचना पॅनकेक विंडो म्हणून ओळखली जाते, कारण सगळे भाग एकामागे एक चपटे रचलेले असतात. स्क्रीनपासून डोळ्यापर्यंत क्रम असा: ध्रुवक (एकाच दिशेने कंपणारा प्रकाश पुढे सोडणारी गाळणी), अर्धपारदर्शक गोलीय आरसा, पाव तरंग पट्टी (प्रकाशाचं ध्रुवीकरण, म्हणजे कंपनाची दिशा, बदलणारी पातळ पट्टी), अर्धपारदर्शक सपाट आरसा, दुसरी पाव तरंग पट्टी आणि शेवटी पहिल्याला काटकोनात लावलेला दुसरा ध्रुवक. सरळ आरपार येणाऱ्या प्रकाशावर दोन्ही पट्ट्यांचा परिणाम एकमेकांना रद्द करतो आणि शेवटचा ध्रुवक त्याला अडवतो. जो प्रकाश सपाट आरशावरून मागे वळतो, गोलीय आरशावर आपटून समांतर होतो आणि पुन्हा पुढे येतो, तो पहिल्या पट्टीतून दोनदा जास्त गेलेला असतो. त्यामुळे त्याचं ध्रुवीकरण ९० अंश फिरलेलं असतं आणि तो बाहेर पडतो. डोळ्यापर्यंत फक्त अनंतावरचं चित्र पोचतं, जवळची स्क्रीन गाळली जाते. मला हा या क्षेत्रातला सर्वांत सुंदर शोध वाटतो.

किंमत मात्र भारी आहे. पहिल्या ध्रुवकात निम्मा प्रकाश जातो, मग गोलीय आरसा पार करताना निम्मा, सपाट आरशावर निम्मा, परत गोलीय आरशावर निम्मा, शेवटी सपाट आरशातून निम्मा. निम्म्याचं निम्मं पाच वेळा केलं की ३.१ टक्के उरतात, आणि प्रत्यक्षात शोषण धरून साधारण १ टक्का. म्हणून त्या काळात यासाठी अतिशय तेजस्वी मोनोक्रोम, म्हणजे एकरंगी, कॅथोड किरण नळ्या वापराव्या लागत. अमेरिकन हवाई दलाच्या ॲरिझोनातल्या विल्यम्स तळावर १९७० च्या दशकात जो प्रगत प्रशिक्षण सिम्युलेटर होता, त्यात एका कॉकपिटभोवती अशा ७ पंचकोनी खिडक्या होत्या. दुसरा दोष गळतीचा. पाव तरंग पट्टी एकाच तरंगलांबीला आणि सरळ येणाऱ्या किरणांना अचूक लागू पडते. तिरक्या किरणांचा काही भाग ध्रुवकातून निसटतो आणि खऱ्या चित्रामागे स्क्रीनची फिकट भुताटकी दिसते. आजच्या व्हीआर हेडसेटमधल्या पॅनकेक भिंगांची रचना याच कुळातली आहे. फक्त तिथे सपाट अर्धपारदर्शक आरशाऐवजी परावर्तक ध्रुवक असतो. तो प्रकाश निम्मा वाटून टाकत नाही, त्यामुळे आधीच ध्रुवीकृत असलेल्या स्क्रीनचा २५ टक्क्यांपर्यंत प्रकाश वापरता येतो. भुताटकीची तक्रार तिथेही ऐकू येते आणि कारणही तेच आहे.

दोन वैमानिकांना एकच अखंड दृश्य देणारा उपाय १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला रेडिफ्यूजन या ब्रिटिश कंपनीने वाइड या नावाने आणला. मोठ्या प्रवासी आणि मालवाहू विमानांच्या सिम्युलेटरांमध्ये तोच आज रूढ आहे. कॉकपिटच्या छतावर वक्र बॅक प्रोजेक्शन (मागून चित्र टाकायचा) पडदा, त्यामागे प्रोजेक्टर आणि समोर अर्धवर्तुळाकार पसरलेला भलामोठा अंतर्वक्र आरसा. आरशाची त्रिज्या ३ मीटर असेल तर पडदा साधारण दीड मीटर त्रिज्येचा. वैमानिकांना पडदा थेट दिसत नाही, त्यांना दिसतं ते आरशातलं त्याचं दूर गेलेलं प्रतिबिंब.

एवढा आरसा काचेचा केला तर वजन वाढतं आणि तुकडे जोडावे लागतात. म्हणून ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेली मायलार या प्लास्टिकची फिल्म हवाबंद चौकटीवर ताणतात आणि मागची हवा ओढून तिला वक्र करतात. फिल्म किती खोल गेली हे मागे बसवलेला सेन्सर सांगतो आणि त्यानुसार पंप चालतो. इथे काय बिघडतं ते नीट समजून घ्यायला हवं. हवा कमी ओढली गेली तर त्रिज्या वाढते, नाभीय अंतर वाढतं, पडदा नाभीच्या आत येतो आणि चित्र जवळ येतं. जास्त ओढली तर पडदा नाभीच्या बाहेर पडतो आणि चित्र अनंताच्याही पलीकडे जातं, म्हणजे डोळ्यांना एकमेकांपासून बाहेर वळायला सांगितलं जातं. डोळे आत सहज वळतात, बाहेर जवळजवळ वळत नाहीत. अर्ध्या तासात डोकं दुखू लागतं आणि दोष सिम्युलेटर हलवणाऱ्या मोशन प्लॅटफॉर्मवर ढकलला जातो. चित्र अनंतापेक्षा किंचित अलीकडे ठेवलेलं केव्हाही बरं.

फिल्मचा दुसरा रोग कडेचा आहे. मधला भाग गोलाकार होतो, पण चौकटीला चिकटलेल्या वरच्या आणि खालच्या कडेजवळ फिल्म तशी ताणली जात नाही आणि उतार एकदम बदलतो. अभियंते याला स्की स्लोप म्हणतात. तिथे धावपट्टीच्या रेषा वाकतात आणि मान हलवली की पोहतात. सॉफ्टवेअरने चित्र उलट वाकवून हे झाकण्याचा मोह होतो, पण पडद्यावरचा एकच ठिपका दोन वैमानिक आरशाच्या दोन वेगळ्या जागांतून पाहतात. एकासाठी सरळ केलेली रेषा दुसऱ्यासाठी आणखी वाकडी होते. आरसा गरजेपेक्षा उंच घेऊन कडा नजरेबाहेर ठेवणं, हाच टिकाऊ उपाय.

चित्र खरंच किती दूर आहे हे मोजायची पद्धत सोपी आहे. डोळ्याच्या जागी आडव्या स्लाइडवर थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायची दुर्बीण, ठेवा. एक उजळ ठिपका पकडा. थिओडोलाइट १० सेंटिमीटर बाजूला सरकवा आणि कोन पुन्हा वाचा. कोन ०.५७ अंशांनी बदलला तर चित्र १० मीटरवर आहे, ०.०५७ अंशांनी बदलला तर १०० मीटरवर. उजवीकडे सरकल्यावर ठिपका डावीकडे गेला तर तो अनंताच्या अलीकडे आहे, उजवीकडे गेला तर पलीकडे. स्लाइड सरकताना स्वतः वळत नाही ना, हे दूरच्या स्थिर खुणेवर आधी तपासून घ्यावं, नाहीतर मोजलेला कोन आरशाचा नसून स्लाइडचा असतो. हे मोजमाप दोन्ही आसनांवरून आणि पूर्ण रुंदीत घ्यावं. मधोमध आरसा बहुधा बरोबरच असतो.

आरशाची मर्यादा उंचीत आहे. पडदा छतावर असल्याने वर नजर जास्त गेली की तोच आड येतो. म्हणून १८० ते २०० अंश रुंदी सहज मिळते, पण उंची ४० अंशांच्या आसपास अडते. अमेरिकेच्या एफएए या नागरी विमान वाहतूक नियामकाच्या नियमांत सर्वोच्च दर्जाच्या, म्हणजे लेव्हल डी सिम्युलेटरला किमान १७६ बाय ३६ अंश लागतात, तेवढ्याला हे पुरतं. लढाऊ विमानाला पुरत नाही, कारण तिथे शत्रू डोक्यावर आणि पाठीमागे असतो. हेलिकॉप्टरच्या वैमानिकाला उतरताना पायाखालच्या काचेतून जमीन पाहावी लागते. त्यांच्यासाठी घुमट, म्हणजे कॉकपिटभोवतीचा गोलाकार पडदा, लागतो आणि अनंतावरचं चित्र सोडून द्यावं लागतं. एकच वैमानिक असेल तर दिशेची चूक उरतच नाही, त्यामुळे हा सौदा परवडतो. एक गोष्ट मात्र विसरू नये. खरा एचयूडी, म्हणजे वैमानिकाच्या नजरेसमोरच्या काचेवर माहिती दाखवणारं उपकरण, आपली चिन्हं अनंतावर दाखवतो. ३ मीटरवरच्या घुमटासमोर तो तसाच बसवला तर चिन्हं आणि लक्ष्य एकाच वेळी एकेरी दिसत नाहीत. एचयूडी घुमटाच्या अंतरावर फोकस करावा लागतो किंवा चिन्हं प्रोजेक्टरनेच दृश्यात काढावी लागतात.

घुमटाचा खरा शत्रू आडवा प्रकाश. पूर्ण गोल घ्या, अर्ध्या भागावर पांढरं आणि अर्ध्यावर काळं चित्र टाका. आतला रंग ९० टक्के प्रकाश परतवणारा असेल तर उसळणारा प्रकाश इतका साचतो की पांढऱ्या-काळ्याचं गुणोत्तर जेमतेम १.२ उरतं. ५० टक्के परावर्तनाला ते ३ होतं, ३० टक्क्यांना ५.७ आणि २० टक्क्यांना ९. म्हणून घुमट आतून राखाडी रंगवतात. पांढरा घुमट पाहून उजेड छान वाटेल, पण धुक्यात बसल्यासारखं चित्र मिळेल. ९० वरून ३० टक्क्यांवर आलात की तेवढ्याच तेजासाठी प्रोजेक्टरचा तिप्पट प्रकाश (ल्युमेन) लागतो, त्याला इलाज नाही. प्रत्यक्षात घुमट पूर्ण गोल नसतो, कॉकपिट काळं असतं, त्यामुळे आकडे थोडे बरे येतात. तुलनेसाठी, लेव्हल डीला ५:१ गुणोत्तर आणि प्रति चौरस मीटर २० कँडेला तेज लागतं.

मग स्पष्टता. अंशाचा साठावा भाग म्हणजे एक मिनिट, आणि निरोगी डोळा तेवढा तपशील ओळखतो. पूर्ण गोलभर एका मिनिटाला एक पिक्सेल द्यायचा तर सुमारे १४.८५ कोटी पिक्सेल लागतात. ४के प्रोजेक्टरमध्ये ८३ लाख असतात, म्हणजे एकही पिक्सेल ओव्हरलॅपमध्ये, म्हणजे शेजारच्या चित्रावर चढणाऱ्या भागात, न घालवता १८ प्रोजेक्टर. १० मीटर पंखांचं विमान १० किलोमीटरवर ३.४ मिनिटांचं दिसतं. दोन मिनिटांच्या पिक्सेलवर ते जेमतेम दोन ठिपके होतं आणि ते कुठल्या बाजूला झुकलंय हे कळायला मार्ग उरत नाही. हवाई लढाईच्या घुमटांत यासाठी वेगळा टार्गेट प्रोजेक्टर असतो. तो अरुंद भिंगाने फक्त शत्रूचं विमान टाकतो आणि त्याच्यामागे फिरतो. दुसरा मार्ग नजरेचा माग काढून ती जिथे असेल तिथेच बारीक तपशील देण्याचा.

वेगवान वळणात आणखी एक गोष्ट घात करते. आजचे प्रोजेक्टर प्रत्येक फ्रेम पूर्ण वेळ धरून ठेवतात. सेकंदाला ६० अंशांच्या वळणात ६० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ६० फ्रेमना, दृश्य दर फ्रेमला एक अंश सरकतं, म्हणजे दोन मिनिटांच्या पिक्सेलने ३० पिक्सेल. नजर दृश्यासोबत सरकते, चित्र सरकत नाही, आणि तेवढं सगळं डोळ्यात फासलं जातं. १२० हर्ट्झने हे निम्मं होतं. शटरने अर्धा वेळ काळोख केला तरी निम्मं होतं, पण प्रकाशही निम्मा होतो. लढाऊ विमानासाठी मी आधी हर्ट्झ वाढवेन आणि पिक्सेल नंतर.

शेवटी सांधे. आधी प्रोजेक्टर तापून स्थिर होऊ द्यावेत, मग ते हाताने जागेवर बसवावेत आणि उरलेली चूकच फक्त वॉर्पिंगने, म्हणजे सॉफ्टवेअरने चित्र वाकवून, काढावी. वाकडा बसवलेला प्रोजेक्टर सॉफ्टवेअरने सरळ केला की पिक्सेल वाया जातात आणि चित्र मऊ पडतं. त्यानंतर रंग जुळवावेत आणि ब्लेंडिंग, म्हणजे सांध्यावर चित्रं एकमेकांत मिसळणं, सर्वांत शेवटी करावं. सांध्याच्या मध्यावर दोन्ही प्रोजेक्टरांनी निम्मा निम्मा प्रकाश द्यायचा असतो. निम्मा प्रकाश म्हणजे निम्मा सिग्नल नव्हे. गॅमा, म्हणजे सिग्नलवरून प्रकाश ठरवणारा घातांक, २.२ असेल तर निम्म्या प्रकाशासाठी सिग्नल ०.७३ लागतो, २५५ पैकी १८६. १२८ दिलात तर दोघांचे मिळून ४४ टक्केच होतात आणि सांध्यावर काळा पट्टा उमटतो. पडद्याचा गेनही जपावा. जास्त गेनचा पडदा प्रकाश एकाच दिशेला झुकवतो, दोन प्रोजेक्टर दोन कोनांतून येतात, आणि एका आसनावरून नाहीसा केलेला सांधा दुसऱ्या आसनावरून दिसतो.

रात्रीच्या दृश्यात इलेक्ट्रॉनिक ब्लेंडिंग हात टेकतं. प्रोजेक्टरचं काळं पूर्ण काळं नसतं. सांध्यावर ते दुप्पट होतं, चार प्रोजेक्टर जिथे मिळतात त्या कोपऱ्यात चौपट. नाइट व्हिजन गॉगल लावला की ही गळती भगभगीत दिसते. इथे भिंगापुढे खरा मास्क लावावा लागतो. पातळ धातूची पट्टी घ्या, दोन्ही बाजूंनी मॅट काळी, नाहीतर परावर्तित प्रकाश भिंगात परत जातो. तिची सावली किती मऊ पडेल हे अंतरावर ठरतं. भिंगाचं निर्गम छिद्र (ज्यातून प्रकाश बाहेर पडतो ते) ३० मिलिमीटर, पडदा ३ मीटरवर आणि पट्टी भिंगापासून ३०० मिलिमीटरवर असेल तर मऊ कड २७० मिलिमीटर रुंद पडते. पट्टी ६०० वर नेली तर १२० मिलिमीटर. ओव्हरलॅपची रुंदी आधी मोजावी आणि पट्टीचं अंतर त्यावरून काढावं. पट्टी पक्क्या कंसावर बसवावी, कारण ती एक मिलिमीटर हलली तर ३०० मिलिमीटरच्या अंतरावर तिची सावली पडद्यावर १० मिलिमीटर सरकते.